पाहण्याचं वजन

“इंदे, गाणं म्हण. गाणं सरायच्या आत मी वर येतो.”

आबांचा आवाज मला आठवतो तो पाण्यावरून आलेला. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे, मी काठावरच्या खडकावर, आणि खाली पाण्यात आमचं घर. डिंभ्याचं धरण भरलं तेव्हा गाव बुडालं, पण वरच्या आळीतलं आमचं घर पाण्यानं पुरतं गिळलं नव्हतं. उन्हाळ्यात धरण उतरलं की ते दोन पुरुष खोलीवर यायचं. वासे, कौलं काढून नेलेली, नुसत्या दगडमातीच्या भिंती उभ्या. आबा धोतर-सदऱ्याची घडी करून खडकावर ठेवायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चपला ठेवायचे, आणि बुडी मारून घरी जायचे. येताना काहीबाही घेऊन यायचे. एकदा दाराची कडी. एकदा वरवंटा. एकदा माझ्या धाकट्या भावाच्या, ऋषीच्या, पाळण्याची साखळी, गंजून लाल झालेली.

गाणं आईनं रचलं होतं, मी काठावर एकटी घाबरू नये म्हणून. जात्यावर गाणारी बाई ती. ओळी सुचायला तिला बसावं लागायचं नाही.

तळ्याच्या तळाला गं, माझ्या बापाची ओसरी
मासोळी झाडी अंगण, बेडूक वाजवी बासरी
पाण्याच्या पायरीवरी, बाप माझा बसईला
वर येता येता त्याला, काठ हिरवा दिसईला

मी भराभर म्हणायचे, म्हणजे आबा भराभर येतील. ते वर यायचे, मिशांतून पाणी गाळत, हसत.

“लई घाई करतीस गं. एवढ्यात मानूस उंबरा बी वलांडत न्हाई. ठेका धरून म्हण.” मग आईकडे बघून, “तुझं जातं तेवढं राह्यलंय. दोर लावून काढावं लागंल. तुझ्यावाणीच जड हाय.”

“माझ्यावाणी राबतं बी,” आई म्हणायची. “तुमच्यावाणी एका जागी बसून हुकूम सोडीत न्हाई.”

हे एवढं मला स्वच्छ आठवतं. यानंतरचं सगळं गढूळ आहे.

१९९४च्या उन्हाळ्यात आबा नाहीसे झाले. मी आणि ऋषी तेव्हा डिंगोऱ्याला होतो, गेणभाऊमामाकडे, शाळेसाठी. आमची वार्षिक परीक्षा चालू होती. आई-आबा डिंभ्याच्या वरच्या काठाला छप्पर घालून राहायचे आणि पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळात वांगी, काकड्या लावायचे. एके दिवशी आई एकटीच डिंगोऱ्याला आली. डोक्यावर गाठोडं. ते खाली न ठेवताच मामाला म्हणाली, “दादा, हे परवापास्नं घरी न्हाईत.”

लोकांनी शोधलं. मासे धरणाऱ्यांनी होड्या काढल्या, गळ टाकले, जाळी ओढली. जाळी ओढली की तळाचा गाळ उठायचा आणि पाणी चहासारखं व्हायचं. मग ते निवळेपर्यंत सगळे काठावर बिड्या ओढत बसायचे. पण काठावर कपडे सापडले नव्हते. सोपान, म्हणजे आमचे आबा, अंगावरचे कपडे उतरवल्याशिवाय पाण्यात शिरत नाही हे सगळ्या काठाला माहीत. कपडे नाहीत म्हणजे माणूस कपडे घालून गेला. कपडे घालून गेला म्हणजे एस्टीनं गेला. डिंभ्याची एस्टी त्या काळी यायची तेव्हा यायची. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, मी काय तोंडं पाठ करतो का? पण लोकांना ते पटलं. गळ टाकणारे घरी गेले.

मग आबा दिसायला लागले.

कुणाला मंचरला कांद्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलेले दिसले. कुणाला भीमाशंकरला, दाढी वाढलेली. कुणी सांगितलं की नाशिकला एका धर्मशाळेत आहेत, बोलत नाहीत. मामा प्रत्येक वेळी जायचा. मोठी झाल्यावर मीही जायला लागले. नाशिकच्या त्या धर्मशाळेत एक म्हातारा पाठमोरा बसला होता. मान आबांचीच, उजवीकडे किंचित कललेली. मामानं हाक मारली. तो वळला. त्यानं आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि कुठून आलात म्हणून विचारलं.

दर शोधानंतर आबा थोडे बदलायचे. शोधायला निघताना जे डोळ्यांपुढे असायचे ते परत येताना तसे नसायचे. त्या म्हाताऱ्याची खांद्यावरची पंचा टाकायची लकब आजही मला आबांची वाटते, आणि आबा पंचा कसा टाकायचे ते मला आठवत नाही.

आई कधी आमच्याबरोबर आली नाही. “तुमी बघून या,” म्हणायची. सकाळी उठून कुंकू लावायची, आरशात न बघता. गावातल्या बायांची पंचाईत व्हायची. संक्रांतीला हळदीकुंकवाला गोजराला, म्हणजे आईला, बोलवायचं की नाही? बोलवलं तर एखादी कुजबुजायची, नाही बोलवलं तर दुसरी. आईनं त्यांना सोडवलं. संक्रांतीच्या दिवसांत ती शेतावरच्या खोपीत राहायला जायची. गाणं तर तिनं कधीच सोडलं होतं. दळायला गिरणी आली होती, त्यामुळे कुणाला ते खटकलंही नाही.

मला वाईट वाटायचं कधी थांबलं ते नेमकं सांगता येणार नाही. पायाला आधी मुंग्या येतात, मग त्याही येईनाशा होतात आणि पाय कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून राहतो. तसंच काहीसं झालं असावं. मी अभ्यास केला. आकड्यांमध्ये बरं वाटायचं असंही नाही, पण तिथं कुणी काही विचारायचं नाही.

२००६ साली मी पुण्यात एका संशोधन संस्थेत होते. माझं काम म्हणजे एक फळा, थोडे कागद आणि अनिश्चिततेचा नियम. फार बारीक कण नेमका कुठे आहे हे जितकं काटेकोर पाहावं, तितका त्याचा वेग हातातून निसटतो. हा नियम जुना आहे, सगळ्यांच्या पुस्तकात असतो. पण त्यात गुरुत्वाकर्षण धरलेलं नाही. ते धरलं तर नियमाला शेपूट लावावं लागतं, आणखी एक पद. त्या पदातून असं निघतं की एका ठरावीक अंतराच्या आत कधीच पाहता येणार नाही. दुर्बळ उपकरणांमुळे नाही, कायमचंच. ते अंतर इतकं लहान की त्याच्यापुढे अणूही आपल्या आख्ख्या सह्याद्रीहून मोठा. मोजून दाखवणं कुणालाच शक्य नव्हतं. काहींना त्या पदाचं चिन्ह अधिक वाटायचं, काहींना उणे, आणि दोन्हीकडची माणसं हुशार होती. मी अधिक धरून चालले होते.

त्या फाल्गुनात मामाचा फोन आला. तो फोनवर नेहमीच ओरडून बोलायचा, मधल्या अंतरावर त्याचा विश्वास नव्हता.

“इंदे, ऋषीचं ठरलं! पोरगी मंचरची. बाजारसमितीत बाप हाय तिचा. वैशाखातला म्हूर्त.”

“छान झालं, मामा.”

“छान काय छान! पत्रिका अडकलीय. छापखान्यातला सुभाषचंद इचारतोय, वडलांच्या नावाम्होरं श्री. लावू का कै.? काय सांगू त्याला? पोरीकडचे बी इचारत्यात, व्याही हायेत का न्हाईत, एकदा काय ते कळू द्या. बारा वर्सं झाली पोरी. बारा वर्सं मानसाचा ठावठिकाणा न्हाई की पुतळा करून जाळत्यात, रीतच हाय. भटाला इचारलं. लग्नाच्या आधी उरकून घेऊ.”

“आई काय म्हणते?”

पलीकडे मामाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “बोलत न्हाई. व्हय न्हाई, नाय न्हाई. तू ये. शिकलेली हाईस, तुझं ऐकंल.”

मी फोन ठेवला आणि फळ्यावरची ओळ पुसून पुन्हा तीच लिहिली. आबांच्या नावापुढे एक अक्षर लिहायचं होतं आणि ते आईच्या तोंडून वदवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. ती हो म्हणाली तर तिचं कुंकू जाणार. नाही म्हणाली तर ऋषीचं लग्न अडणार, निदान लोकांच्या तोंडी लागणार. मला दोन्हीपैकी कशाचंच काही वाटत नव्हतं. बॅग भरताना मी दोनदा टॉवेल ठेवला.

डिंगोऱ्याला मामाच्या वावरात कांद्याची काढणी चालू होती. उपटलेला कांदा ओळीनं पडलेला, आणि आई जमिनीत रोवलेल्या विळ्यापुढे बसून पात कापत होती. कांदा उजवीकडे, पात डावीकडे. मी शेजारी बसले. दुसरा विळा घेतला.

“आलीस?”

“आले.”

“वाळलीस.”

एवढं बोलून झालं. बांधावर पळस पेटल्यासारखा फुलला होता. मामा पाटी घेऊन आला, आमच्यापुढे ओतली आणि कंबर धरून उभा राहिला.

“बघ की गं, पळसाच्या पानाचा पुतळा करायचा म्हनं, आन पळसाला आत्ता पान न्हाई एक. फुलंच फुलं. नवऱ्यामुलावाणी नटलाय नुसता. भट म्हनला, दर्भ बी चालंल. डोक्याला नारळ.”

आई कांदा कापत राहिली. मामानं माझ्याकडे डोळ्यांनी खूण केली, बोल की. मी पुढचा कांदा उचलला. मग बिचाऱ्यानं विषय बदलला.

“काय गं, इतकी वर्सं काय शिकतीस त्या पुण्यात? खोडदला त्या तबकड्या लावल्यात, आभाळातलं ऐकाया, तसलं का?”

“ते लांबचं बघतात मामा. मी जवळचं.”

“किती जवळचं?”

“दिसतच नाही इतकं.”

“आँ? दिसत न्हाई ते बघाया सरकारनं तुला ठिवलीय? अन आमचा तलाठी समोरची विहीर बघत न्हाई!”

आईचा ओठ जरासा हलला. मला वाटलं, एवढं तरी. म्हणून मी सांगत बसले, खरं तर मामाला, पण आवाज आईकडे ठेवून.

“समज, तळ्यात सुई पडली. वरून दिसत नाही. शोधायची म्हणजे हात घालावा लागणार. हात घातला की पाणी हलतं, सुई जागची सरकते. जितकं चाचपावं तितकी जास्त. म्हणजे ती कुठं होती ते कळलं, तोवर ती तिथं नाही. हे झालं जुनं.”

“बरं. मग?”

“आता त्यात वजन धर. जगात जे जे आहे ते दुसऱ्याला आपल्याकडं ओढतं. आपल्या हाताचं ओढणं इतकं थोडं असतं की कळत नाही. पण फार बारीक बघायचं तर फार जोर लावावा लागतो, आणि जोराला पण वजन असतं. मग नुसतं पाणी हलत नाही. हाताच्या वजनानं तळच हाताकडं ओढला जातो. वाळू, सुई, सगळं. जोर वाढवावा तितकं दिसायचं कमी. आणि फारच वाढवला तर तळ कोसळून सगळं गिळून टाकतो, सुईही आणि तो हातही.”

आईचा विळ्यावरचा कांदा तसाच राहिला. पात अर्धी कापलेली.

मी पाण्याचं उदाहरण का दिलं? धान्याच्या पोत्याचं देता आलं असतं, पिठातल्या मुंगीचं देता आलं असतं. तोंडाला ते आलं आणि सांगून टाकलं.

मामा पाटी उचलून निघून गेला. त्याला यातलं काही फारसं रुचलं नाही. आईनं तो कांदा बोटांत फिरवला. मग कांद्याकडेच बघत म्हणाली,

“हात घातलाच न्हाई तर?”

“तर कधी कळायचंच नाही.”

“आन घातला तर?”

“तर जे होतं ते तसं राहायचं नाही.”

“मंग दोष कुनाचा?”

असा प्रश्न मला संस्थेत कुणी विचारला नव्हता. मी विचार केला. “दोष कुणाचा नाही, आई. हाताला वजन असतंच. बिनवजनाचा हात नसतो. कुणाचाच नसतो.”

तिनं अर्धी राहिलेली पात कापली. नंतर संध्याकाळपर्यंत आम्ही कांदाच कापला. डोळ्यांतून पाणी येत होतं, दोघींच्याही, कांद्यानं येतं तेवढंच.

जेवताना ऋषी आला. नारायणगावच्या ट्रॅक्टरच्या शोरूमात होता तो, शर्टाला ऑइलचा वास. आबा गेले तेव्हा एवढासा होता. त्यानं ताटाकडे बघत सांगितलं, “ताई, मला काय बी चालंल. श्री. चालंल, कै. चालंल. आजपस्तोर शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, जिथं तिथं इचारत्यात, वडील काय करतात? मी म्हनतो, घरी नसतात. रिकामं नको आता. कायतरी लावा.”

आई त्याला वाढत होती. भाकरी त्याच्या ताटात ठेवून तिचा हात तिथेच थांबला, त्याच्या डोक्यावरून एकदा फिरला, आणि ती चुलीकडे वळली.

“उद्या मंचरला जाऊ,” चुलीकडे तोंड करून ती म्हणाली. “मी बी येते.”

मामानं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी फार मोठं काम केलं होतं.

सुभाषचंदचा छापखाना मंचरला हायवेलाच आहे. त्याचे आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी पेढी काढली, यानं छापखाना. आता बोलण्यात तो आमच्याहून मंचरचा. मशीन मागच्या खोलीत धडधडत होतं आणि पुढे काचेमागे त्याची सून रिंकू कॉम्प्युटरवर बसली होती. भिंतभर पत्रिकांचे नमुने. गणपती, कलश, डोलीतली नवरी.

“या गेणभाऊ! पावणं, बसा. ताई, पंख्याखाली या,” सुभाषचंद गादीवरून अर्धा उठला आणि त्यानं आत हाक दिली. “अहो कस्तुरबाई, चहा पाठवा चार. इंद्रायणी का ही? लहानपणी पाह्यली होती, वह्या न्यायला यायची. ताई, मजकूर सगळा तयार आहे बघा. मामा लोक, आत्या लोक, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, सगळं टाकलंय. फक्त इथं अडलं.”

रिंकूनं पडदा आमच्याकडे वळवला. लाल चौकटीत आबांचं नाव होतं. सोपान भिकाजी. नावाच्या आधी थोडी मोकळी जागा, आणि तिथं एक उभी रेघ लुकलुकत होती, दिसत होती, नाहीशी होत होती.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. खूप दिवसांनी काहीतरी कळत होतं पण अंगापर्यंत पोचत नव्हतं.

“काहीच नको लावू का?” सुभाषचंद हळूच म्हणाला. “नुसतं, सोपान भिकाजी यांचे चिरंजीव. मागं एका पार्टीनं तसंच केलं.”

“नुसतं?” मामा तडकला. “भरल्या मांडवात मानूस बिनटोपीचा उभा केल्यावाणी! न्हाई शेठ. विधी करणार हाय आमी. पर आधी विधी, मग कै. भटानं दिस काढलाय, तवर थांबा.”

“थांबतो की. मशीन माझं आहे. पण वैशाखाची गर्दी आहे भाऊ, मग मला म्हणू नका.”

चहा आला. आईनं कप हातात घेतला आणि खाली ठेवला. ती उठून काचेजवळ गेली. वाचता तिला येत नव्हतं, पण आबांच्या नावाचा आकार तिला ओळखीचा असावा. तिनं बोट न लावता, जरा अंतरावरून, त्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

“हितं कै. लाव, पोरी.”

रिंकूनं सासऱ्याकडे पाहिलं. सुभाषचंदनं मामाकडे.

“गोजरा,” मामा म्हणाला, “अगं, विधी व्हयाचाय अजून. आधी छापलं तर लोक काय म्हनतील? आन तुला काय ठाव, आबा...” तो थांबला. बारा वर्षांत आईला हा प्रश्न कुणी सरळ विचारला नव्हता, त्यानंही आत्ता विचारला नाही.

“दादा, छापू दे.”

रिंकूनं दोन कळा दाबल्या. अगदी बारीक आवाज झाला. ती रेघ थोडी उजवीकडे सरकली आणि लुकलुकत राहिली.

आई बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. छापखान्याच्या पायरीवर ती बसली, शेजारी मी. समोरून बटाट्याचे, कांद्याचे ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर पायरी थरथरत होती. आईनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. घाम पुसावा तसं पुसलं, आणि पदर खाली आला तेव्हा कपाळावर फक्त एक तांबूस डाग होता.

“इंदे.”

“काय?”

“तू म्हनलीस ते खरं का? हाताचं?”

“कुठलं?”

“बिनवजनाचा हात नसतो, ते.”

“खरंय.”

“पुस्तकात लिवलंय?”

“मीच लिहितेय, आई.”

तिनं मान हलवली. एक ट्रक गेला. दुसरा आला तेव्हा ती समोरच बघत, कुणा तिसऱ्याला सांगावं तशी बोलायला लागली.

“कपडे मी उचलले.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“खडकावं घडी केल्याली व्हती. वर चपला. तशीच घडी गाठोड्यात बांधली, अन तुमच्याकडं आले. तुमची परीक्षा चालू व्हती. म्हनलं, काठावं कपडे दिसले तर मानूस मेला. न्हाई दिसले तर गेला. गेल्याला मानूस कंदीतरी येतो. तेवढंच तुमाला राहील, म्हनलं. ऋषी लई लहान व्हता. मग तुमी हुडकाया जायला लागलात. दादा जायचा, तू जायचीस. लांब लांब. मंग तर मला बोलताच येईना.”

“आई...”

“आधी ऐक. परत न्हाई बोलाया व्हायचं. कपडे हायेत पेटीत. पुतळ्याला तेच नेसवू.”

आतून मामाचं आणि सुभाषचंदचं बोलणं ऐकू येत होतं, कागद पिवळा की गुलाबी.

“जातं काढाया गेले व्हते. मी म्हनलं व्हतं, राहू द्या, गिरण झालीय आता. पर मीच कंदीतरी म्हनले व्हते ना, गिरणीच्या पिठाला चव न्हाई. ते धरून बसले. दोराचं एक टोक घेऊन खाली गेले, जात्याला बांधाया. दुसरं माझ्या हातात दिलं. मी इशारत केल्याबिगर वढू नको, म्हनले. तू बी गाणं म्हण इंदीवाणी. मी म्हनलं, मला काय येड लागलंय? हसत गेले.”

तिचे हात मांडीवर होते. एकात दुसरा, मुठी वळलेल्या, काहीतरी धरल्यासारख्या.

“म्हनलं मी गाणं. तुझंच, बाप माझा बसईला. ठेका धरून म्हनलं, तुझ्यावाणी घाई केली न्हाई. संपलं. परत म्हनलं. परत संपलं. पाणी निसतं गप पडल्यालं. मला कळंना, बांधत्यात का, का काय झालंय. काय बी कळंना गं. निसतं कळावं म्हनून दोराला जरा वढ दिली. दोर ताठ झाला, जड लागला. मंग खालनं गढूळ आलं वर, भिंत बसल्यावाणी, लई गढूळ. अन दोर ढिला पडला. वढत गेले तर निसता दोरच आला हातात.”

ट्रक येत होता. ती तो जाईपर्यंत थांबली नाही. तिचा आवाज त्या आवाजाखाली गेला आणि मला वाकून, तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागलं.

“आधीच गेले व्हते का माझ्या वढीनं गेले, ते मला ठाव न्हाई. बारा वर्सं ठाव न्हाई. गाणं दोनदा सरलं व्हतं, इंदे. मी फकस्त बघायला वढला. हायेत का, एवढंच बघायला.”